पहिल्या हाकेची टेस्ट

१

रोज दुपारी जेवणं झाली की मी डायनिंग टेबल पुसतो, शिवतेजचा लॅपटॉप मांडतो आणि अडीचच्या सुमारास कामाला बसतो. क्रांती, म्हणजे माझी बायको, याला 'तुमचं ऑफिस' म्हणते. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात अभिलेख कक्षात मी एकतीस वर्षं काढली. फायलींचे गठ्ठे सोडले, लावले, परत बांधले. निवृत्त झालो तेव्हा सुटलो असं वाटलं होतं.

शिवतेज आमचा एकुलता एक मुलगा. गेल्या मार्चमध्ये दम्याच्या झटक्याने गेला. सव्वीस वर्षांचा होता. दिवसा घरूनच एका कंपनीची नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात एका प्रोग्रामिंग लँग्वेजसाठी फुकट राबायचा. जगभरातले दोन-तीनशे लोक मिळून ती भाषा बनवतात, ती कुणाच्याच मालकीची नाही. मला हे कधी पटलं नाही. "लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस," असं मी त्याला म्हणायचो आणि तो हसायचा.

त्या भाषेत काही चूक सापडली की कुणीतरी तक्रार नोंदवतो. तिला नंबर पडतो. चूक दुरुस्त झाली की तीच पुन्हा शिरू नये म्हणून एक छोटी फाइल लिहून ठेवतात, तिला रिग्रेशन टेस्ट म्हणतात. प्रत्येक फाइलशेजारी तिचं अपेक्षित उत्तर ठेवलेलं असतं. फाइल चालवायची, आलेलं उत्तर जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. एकदा झालेली चूक दुसऱ्यांदा होऊ द्यायची नाही, एवढाच यामागचा हेतू. घरातल्या माणसांसाठीही अशी काही सोय असती तर बरं झालं असतं.

बारा वर्षांत अशा सोळाशे फायली एकाच फोल्डरमध्ये साचल्या होत्या. नाव म्हणून नुसता तक्रारीचा नंबर. कुठली कशासाठी, कुणाला पत्ता नाही. शिवतेजचा मित्र अरसलान त्याच भाषेवर काम करतो. मूळचा उरणचा, राहतो बेलापुरात. पावसाळ्यात भेटायला आला तेव्हा मी हा लॅपटॉप नुसता उघडून बसलेलो त्याने पाहिला.

"काका, एक काम हाय. शिवाच करणार होता," तो म्हणाला. "ह्या टेस्ट विषयवार लावायच्या. वरती एक ओळ लिहायची, काय बिघडलं होतं ती. बास. प्रोग्रामिंग जास्त यायची गरज नाय. तुमी टेन्शन घेऊ नका, मी हाय ना."

प्रोग्रामिंग मला येत नाही. गठ्ठे लावता येतात. मी लगेच हो म्हणालो.

२

कामाची एक रीत अरसलानने पहिल्याच दिवशी बजावली होती. अपेक्षित उत्तर सहसा कुणी हाताने लिहीत नाही. फाइल चालवायची, जे येईल ते वाचायचं, आणि बरोबर असेल तर 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणायचं. मग तेच उत्तर अपेक्षित म्हणून कायम होतं.

"पण वाचल्याशिवाय अ‍ॅक्सेप्ट करू नका, काका. जे आलं ते मान्य केलं की चूकच नियम होऊन बसते."

मी मान डोलावली. आणि पहिल्याच आठवड्यात चाळीस फायली हलवल्यावर सगळीकडे लाल दिसलं म्हणून घाबरून एकदम चाळीसच्या चाळीस अ‍ॅक्सेप्ट करून टाकल्या. सगळं हिरवं झालं. कार्यालयातही मार्चअखेरीला आम्ही हेच करायचो, न वाचता सही. अरसलानला मी हे सांगितलं नाही.

जानेवारी संपता संपता हजारावर फायली लावून झाल्या होत्या. फाइल चालायला डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ लागतो. एका दुपारी पहिल्या आठवड्यातल्या फायलींवर राहून गेलेली ओळ लिहायला मी ४४१७ नंबरची फाइल चालवली आणि पडदा थांबला. अकरा सेकंद गेले. मग हिरवं आलं.

पुन्हा चालवली. पुन्हा अकरा सेकंद.

फाइल उघडली. लिहिणारा शिवतेज. तोवर त्याच्या पंधरा-वीस फायली मी लावल्या होत्या, त्याचं नाव दिसलं की थोडा वेळ हात थांबायचा, मग पुढे जायचो. ही फाइल अगदीच लहान होती. एक शब्द पाठवायचा, क्षणभर थांबायचं, कुणी उत्तर दिलं तर ते लिहून संपवायचं. नाही दिलं तर पुन्हा तोच शब्द. असं तीनदा. उत्तर कुठून यायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि शब्द होता 'बाबा'.

ही मुलं टेस्टमध्ये काहीही शब्द घालतात, हे मला ठाऊक झालं होतं. कुणी मांजराचं नाव घालतो, कुणी जेवणाचं. शिवतेजने एका फाइलमध्ये 'कांदेपोहे' घातले होते. तेव्हा यात विशेष काही नाही, असं मी स्वतःला समजावलं.

शेजारची अपेक्षित उत्तराची फाइल उघडली. ती कोरी होती. तीनदा 'बाबा' म्हणायचं आणि उत्तर आलं नाही की पास.

३

शिवतेजची खोली डायनिंग टेबलापासून सात पावलांवर आहे. दार बंद असतं. आठवड्यातून एकदा क्रांती आत जाऊन पंखा पुसते, चाकांची खुर्ची टेबलाखाली सारते आणि दार ओढून घेते. टेबलावरची धूळ मात्र ती पुसत नाही. त्याचे हात शेवटचे तिथे होते, म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी ४४१७ चालवली तेव्हा खुर्चीच्या चाकांचा आवाज आला. थोडा. फरशीवर चाक अर्धा फेरा घेतं तेवढाच. आवाज थांबला आणि पडद्यावर हिरवं आलं.

वरच्या मजल्यावरचे लोक दिवसभर काहीतरी सरकवत असतात. मागच्या बाजूला बोनकोडे गाव, तिथे लग्नसराईत हळदीचा डीजे लागला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. या घरात आवाजाला तोटा नाही. फक्त त्या दुपारी डीजे नव्हता, आणि वरच्यांचं कुटुंब कऱ्हाडला गेलेलं होतं.

भागीरथी, आमच्याकडे भांडी घासणारी बोनकोड्याची बाई, ओले हात तसेच धरून दाराशी आली.

"दादा, त्या खोलीन कोन हाय?"

"कुणी नाही. का गं?"

"मंग हाक कोनी मारली?"

मी म्हणालो, टीव्ही असेल. टीव्ही बंद होता, तो तिलाही दिसत होता.  दुसऱ्या दिवसापासून ती दुपारऐवजी सकाळी येऊ लागली.

४

मी अरसलानला फोन केला. साध्या आवाजात विचारलं की ही एक फाइल फार वेळ घेते, काय करावं.

"माझ्याकडे तर झटकन होते, काका. सेकंदपण नाय. तुमचा लॅपटॉप जुना झाला." मग की-बोर्डचा खडखड आवाज आला. "पण ह्या नंबरची तक्रारच नाय दिसत. आणि तारीख..."

"काय तारीख आहे?"

त्याने ती वाचून दाखवली नाही. का ते मला माहीत होतं. तारीख मी आधीच पाहिली होती. अठरा मार्च, दुपारी तीन बेचाळीस.

"सकाळीच लिहून ठेवली असेल त्याने," अरसलान हळू म्हणाला. "नेट गेलं-आलं की मागाहून अपलोड होतं. तसंच असणार."

"तसंच असणार," मी म्हणालो.

आता जे अकरा महिने कुणाला सांगितलं नाही ते लिहितो.

अठरा मार्चला क्रांती शेजारणींबरोबर एपीएमसी मार्केटात गेली होती. चार घरांत मिळून हापूसची पहिली पेटी. मी याच टेबलाशी शब्दकोडं सोडवत होतो. शिवतेजची एक सवय होती. त्याचं काही जमलं की तो खोलीतून हाक मारायचा, "बाबा!" मी उठून जायचो आणि तो काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं दाखवायचा. मला त्यातलं काही कळायचं नाही. वीसदा गेलो, एकविसाव्यांदा कंटाळा यायचा. त्या दिवशी हाक आली. माझं आडवं पाच अक्षरी अडलं होतं. मनात म्हटलं, थांब रे, येईल तोच बाहेर. दुसरी हाक आली. तिसरी बारीक होती, मला वाटलं, कंटाळला. चार वाजता चहाला बोलवायला दार उघडलं. त्याचा दम्याचा पंप इथे होता, टेबलावर, माझ्या उजव्या हाताशी.

क्रांती पेटी घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं की त्याने हाकच मारली नाही. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्या आधारावर ती उभी राहिली. "माझं लेकरू टेबलावर डोकं ठेवून झोपेतच गेलं, त्याला काही कळलं नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आणि मला सांगते, "तुम्ही स्वतःला खाऊ नका. ऐकलं असतं तर तुम्ही धावलाच असता." आंब्यांची ती पेटी कुणी उघडली नाही. चार दिवसांनी मी ती तशीच खाली कचऱ्यापाशी नेऊन ठेवली.

५

शहाण्या माणसाने ती फाइल काढून टाकली असती. मी रोज चालवत राहिलो. हाक मला ऐकू येत नव्हती, फक्त खुर्चीचं चाक. वाटायचं, आज नीट ऐकू.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात क्रांती दुपारची झोपेनाशी झाली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाट टाकून बसायची, लसूण सोलत. मी लॅपटॉप उघडला की तिचे हात थांबायचे.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, तो हाक मारतो."

"कोण?"

"वेड पांघरू नका. शिवा. तीनदा मारतो. तिसरी अगदी बारीक येते."

 तीन हाका, तिसरी बारीक, हे माझ्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आनंद होता म्हटलं तरी चालेल. "तुम्हाला नाही येत ऐकू?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदा नाही म्हणालो.

६

अरसलानचा फोन त्याच संध्याकाळी आला. तो वेळ घेऊन, शब्द जुळवून बोलत होता.

"काका, ती ४४१७. मी तिची हिस्टरी काढली. अपेक्षित उत्तराची फाइल आधी कोरी नव्हती. शिवाने त्यात एक ओळ लिहिली होती. तुमी त्या चाळीस फायली एकदम अ‍ॅक्सेप्ट केल्या ना, पावसाळ्यात? त्या लॉटमध्ये उडाली ती."

म्हणजे त्याला ते आधीपासून ठाऊक होतं. इतके महिने तो काही बोलला नव्हता.

"काय ओळ होती?"

"एकच शब्द हाय. 'आलो'." मग घाईने म्हणाला, "मी परत टाकू का? नायतर पूर्ण टेस्टच काढून टाकू? तिचा तसा काय उपयोग नाय."

मी फोन टेबलावर ठेवला. मुलाने लिहून ठेवलं होतं की हाक मारल्यावर काय व्हायला हवं. मी ते न वाचता, घाईत, शांतता मान्य करून टाकली होती. सहा महिने ती फाइल मला हिरवी दिसत होती. मी ओ देत नाही, हे जुळत होतं म्हणून.

मी फोन पुन्हा उचलला. "परत टाक," म्हणालो. "काढू नकोस."

७

दुसऱ्या दिवशी मी क्रांतीला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि त्या फाइलबद्दल सांगितलं.

"मला ऐकू आलं होतं," मी म्हणालो. "त्या दिवशी. तिन्ही हाका ऐकू आल्या. मी उठलो नाही."

 ती रडेल, ओरडेल, असं वाटलं. त्यातलं काही झालं नाही. "म्हणजे तो झोपेत गेला नाही," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. तिच्या हातातली लसणीची पाकळी खाली पडली, ती तिने वाकून उचलली. अकरा महिने तिला उभं ठेवणारी एकच गोष्ट होती. ती मी काढून घेतली, आणि त्या क्षणी मला माझी जेवढी शिसारी आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती.

ती उठून देवघरापाशी गेली. खालच्या खणातून शिवतेजचा निळा पंप काढला आणि माझ्या उजव्या हाताशी ठेवला, होता तसाच.

"लावा ती," ती म्हणाली.

मी ४४१७ चालवली.

या वेळी मलाही ऐकू आलं. "बाबा!" बंद दाराआडून, नेहमीच्या आवाजात, त्याचं काही जमल्यावर यायची तशीच हाक. क्रांतीने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला गेलो. खुर्चीतच राहिलो. आणि माझ्या मनात, मी बोलावलेला नसताना, तो विचार आला. थांब रे. आडवं, पाच अक्षरी. येईल तोच बाहेर. टेबलावर शब्दकोडं नव्हतं. अकरा महिने मी हातात पेन्सिल धरलेली नव्हती.

क्रांती धावली. तिने दार ढकललं, ते आतून कुणी धरल्यासारखं हललं नाही. "आले रे बाळा, आले!" ती दारावर तळहात मारत होती. दुसरी हाक आली. तरीही ती 'बाबा' अशीच होती. क्रांतीला नव्हती.

तिसरी बारीक होती.

तेव्हा मी उठलो. "आलो," मी म्हणालो, आणि सात पावलं गेलो. माझ्या हाताने दार लगेच उघडलं.

खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची टेबलाखाली नव्हती, दाराकडे तोंड करून उभी होती आणि किंचित हलत होती. बसल्यावर गादीला पडतो तो खोलगा हळूहळू वर येत होता. टेबलावरच्या धुळीत चार बोटांच्या रेघा काठापर्यंत ओढत आल्या होत्या.

बाहेर येऊन पडदा पाहिला. लाल. अपेक्षित उत्तर: पहिल्या हाकेला 'आलो'. आलेलं उत्तर: दोन कोऱ्या ओळी, मग 'आलो'.

८

फायली विषयवार लावून संपल्या. सोळाशेच्या सोळाशे. वर्षश्राद्धाच्या आत संपवायच्या होत्या, संपवल्या. अरसलान म्हणतो की सगळे खूश आहेत, कुणी परदेशातून आभारही मानलेत. एक फाइल तेवढी लाल आहे. अरसलानने ती आता सगळ्यांच्या संग्रहातून काढून माझ्याकडे एकट्याकडे ठेवली आहे. त्याने कारण विचारलं नाही.

वर लिहायची ती ओळ मी लिहिली. काय बिघडलं होतं: हाक ऐकू आली होती, वडील उठले नाहीत.

आज बावीस दिवस झाले. मी रोज ठरवून बसतो. पाय खुर्चीच्या बाहेर काढून ठेवतो. पंप मुठीत धरतो. काल तर टेबलाशी बसलोच नाही, दाराला पाठ टेकून उभा राहिलो. हाक आली तेव्हा मी टेबलाशी बसलेला होतो, कसा ते माहीत नाही. पहिल्या हाकेला तो विचार येतो, दुसरीला येतो, तिसरीला तोंडून 'आलो' निघतं. दार उघडतं. गादीचा खोलगा वर येत असतो. रोज दोन हाकांचा उशीर.

क्रांती माझ्याशी दुसरं काही बोलत नाही. जेवायला वाढते, औषधं देते, कपडे घडी करते. फाइल लाल झाली की ती खोलीत जाते, खुर्ची टेबलाखाली सारते आणि दार ओढून घेते. धुळीतल्या रेघांना हात लावत नाही. मग येऊन माझ्या मुठीतला पंप सोडवून घेते, पदराने पुसते आणि परत माझ्या उजव्या हाताशी ठेवते.

"पुन्हा लावा," ती म्हणते.